वाचता येणारी लिपी आणि न वाचणारे उपासक

प्राचीन इजिप्तचे मौन संपून २०० वर्षे उलटून गेली. २७ सप्टेंबर १८२२ रोजी झाँ-फ्रान्स्वा शाँपोलियों याने पॅरिसच्या अकादमीपुढे आपले सुप्रसिद्ध पत्र वाचले आणि सुमारे १४ शतके कोणालाही न उलगडलेली चित्रलिपी पुन्हा बोलू लागली. त्यानंतर इजिप्तने स्वतःविषयी पुष्कळ सांगितले आहे. धान्याचे हिशेब, प्रेमगीते, शाळकरी मुलांनी गिरवलेले धडे, मजुरांच्या गैरहजेरीच्या नोंदी, विंचू उतरवण्याचे मंत्र, मोडलेले हाड सांधण्याची रीत : हे सारे आज वाचता येते, आणि त्याची भाषांतरे कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळू शकतात. असे असूनही 'इजिप्तचे प्राचीन उपचारज्ञान' या नावाखाली जगभर जे शिकवले आणि विकले जाते, त्यात इजिप्तने स्वतः लिहिलेले एखादे वाक्यही सहसा आढळत नाही. पिरॅमिडच्या सांगाड्याखाली ध्यान, अंखचे चिन्ह हाती धरून ऊर्जेचा संचार, इसिसच्या नावाने दीक्षा, सेखमेतच्या नावाने स्पर्शोपचार असा हा पसारा आहे. या मार्गांवरचा मुख्य आक्षेप त्यांच्या श्रद्धाळूपणावर नाही. श्रद्धेला प्रत्येक संस्कृतीत तिचे स्थान असते. आक्षेप आहे तो निरक्षरतेवर, आणि तीही जाणूनबुजून जोपासलेल्या निरक्षरतेवर. ज्या संस्कृतीचे नाव घ्यावयाचे तिचे लेखन न वाचणे ही या साऱ्या व्यवहाराची पूर्वअट आहे, आणि या न वाचण्याची किंमत अखेर आजारी माणसाला मोजावी लागते.

एके काळी हे न वाचणे क्षम्य होते, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख फिली बेटावरील मंदिरात इ.स. ३९४ मध्ये कोरला गेला. तेथून पुढे ही चित्रे पाहणाऱ्याला दिसत राहिली. पण त्यांतला ध्वनी लोपला. सतराव्या शतकात रोममधील विद्वान जेझुइट आथानासिउस किर्खर याने १६५२ ते १६५४ या काळात आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. कॉप्टिक ही प्राचीन इजिप्शियन भाषेचीच पुढली अवस्था आहे, हे त्याने अचूक ओळखले होते. पण लिपीचा प्रत्येक आकार म्हणजे एकेक गूढ तत्त्व, ही त्याची धारणा पक्की होती. म्हणून ज्या चौकटीत केवळ एका राजाचे नाव होते, तीतून त्याने तत्त्वज्ञानाची लांबलचक वाक्ये काढली. त्याच्याही आधी, १६१४ मध्ये, इझाक कासोबों याने हर्मीस त्रिसमेगिस्तस या कल्पित इजिप्शियन ऋषीच्या नावावर खपणारे ग्रंथ ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या शतकांतील ग्रीक रचना आहेत, हे भाषेच्या पुराव्याने दाखवून दिले होते. त्या ग्रंथांत इजिप्शियन विचारांचे काही अंश मुरलेले आहेत, असे पुढील संशोधन सांगते. परंतु मोझेसच्याही पूर्वीचे आद्य ज्ञान म्हणून त्यांचा जो दबदबा होता, तो कासोबोंच्या टीकेनंतर टिकण्यासारखा नव्हता.

तो टिकला, कारण लोकांना इजिप्तपेक्षा रहस्य हवे होते. १७८१ मध्ये कूर दे जेब्लाँ या फ्रेंच लेखकाने पत्त्यांच्या एका खेळाकडे पाहून जाहीर केले, की टॅरोचा हा संच म्हणजे थोथ देवतेचा लुप्त ग्रंथच होय. वस्तुतः टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाले. जेब्लाँला चित्रलिपी वाचता येत नव्हती, तशी ती त्या काळी कोणालाच येत नव्हती. त्यामुळे त्याला खोडून काढणे इजिप्तच्या साक्षीने शक्य नव्हते. साक्षीदार मुका असला म्हणजे त्याच्या नावावर काहीही खपते. टॅरोवरून भविष्य सांगणारे आणि मनाच्या व्याधींवर उपाय सुचवणारे आजही थोथचे नाव घेतात, तेव्हा ते १७८१ सालातच वावरत असतात.

१८२२ नंतर मात्र साक्षीदाराला वाचा फुटली आणि अज्ञानाची सबब संपली. येथून पुढे जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. १८७७ मध्ये न्यूयॉर्क येथे हेलेना ब्लाव्हाट्स्की यांचा 'आयसिस अनव्हेल्ड' हा द्विखंडात्मक ग्रंथ निघाला. इसिसच्या मुखावरचा पडदा दूर सारण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या या ग्रंथाला नाव पुरवले ते सायस नगरीतील देवीविषयीच्या ग्रीक आख्यायिकेने. देवीच्या स्वतःच्या स्तोत्रांना त्यात स्थान नव्हते. १८८८ मध्ये लंडनला 'गोल्डन डॉन' ही गूढविद्येची मंडळी स्थापन झाली आणि तिने इजिप्तच्या देवतांना आपल्या दीक्षाविधीत पात्रांसारखे उभे केले. याच मंडळीत घडलेला अ‍ॅलिस्टर क्रौली १९०४ मध्ये कैरोत होता. तेथील संग्रहालयात त्याला एक चित्रित शिला दिसली. तिचा यादीतील क्रमांक ६६६ होता आणि बायबलमधील तो कुप्रसिद्ध आकडा पाहताच आपल्याला नव्या युगाचा प्रेषित म्हणून संकेत मिळाल्याची त्याची खात्री पटली. त्या शिलेवर थीब्ज नगरीतील माँतू देवतेच्या एका पुजाऱ्यासाठी लिहिलेली मृत्यूत्तर प्रवासाची, त्या काळी रूढ असलेली प्रार्थना आहे. क्रौलीजवळ तिचे भाषांतरही होते! म्हणजे मजकूर हाती असूनही त्याला महत्त्व वाटले ते संग्रहालयाच्या कारकुनाने डकवलेल्या आकड्याचे. न वाचण्याची ही पराकाष्ठा म्हटली पाहिजे.

पिरॅमिडविषयीचे उपचारशास्त्र याच वळणाचे आहे, फक्त त्यात कर्मकांडाच्या जागी विज्ञानाची परिभाषा आली. १९५९ मध्ये कारेल द्रबाल नावाच्या चेक अभियंत्याला पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली दाढीचे पाते धारदार ठेवण्याच्या युक्तीबद्दल चेकोस्लोव्हाकियात पेटंट मिळाले. १९७३ मध्ये पॅट्रिक फ्लॅनगन या अमेरिकन लेखकाने 'पिरॅमिड पॉवर' लिहून या कल्पनेला जागतिक बाजारपेठ दिली. पात्याची धार टिकते, मग दूध टिकावे, मग देह टिकावा, मग रोग हटावा, अशी ही चढती भाजणी आहे. भारतात तिला वास्तुशास्त्राची जोड मिळाली. घराच्या छताला तांब्याचे वा प्लॅस्टिकचे छोटे पिरॅमिड चिकटवले की दिशादोष आणि दुखणी एकदमच दूर होतात, असे सांगणारे सल्लागार शहरोशहरी आहेत. 'मयमत' किंवा 'मानसार' या संस्कृत वास्तुग्रंथांत गिझाच्या पिरॅमिडची नावनिशाणीही नाही, ही गोष्ट त्यांना अडचणीची वाटत नाही. दोन प्राचीन संस्कृतींपैकी कोणतीच वाचायची नसली, की त्यांचा संकर सहज साधतो.

पिरॅमिडांना स्वतःविषयी काय सांगायचे आहे? सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडच्या आतल्या भिंती लेखांनी भरलेल्या आहेत. १८८१ मध्ये त्या उजेडात आल्या. मृत राजाने आकाशात कसे चढावे, वाटेतल्या सापांना कसे परतवावे, त्याला भाकरी आणि बीर कशी मिळावी, याची ती वचने आहेत. जिवंत रुग्णाला त्या कोठडीत बसवून बरे करण्याची कल्पना तेथे नाही. खुफूच्या महापिरॅमिडविषयी तर २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी-अल्-जर्फ येथे त्याच्याच कारकीर्दीतील पपायरस सापडले. मेरेर नावाचा एक मुकादम आपल्या खलाशांच्या तुकडीसह तुरा येथील खाणीतून चुनखडीचे चिरे नावांनी गिझाला कसा नेत असे, त्याची ती रोजनिशी आहे. ४५०० वर्षांपूर्वीच्या एका कष्टकऱ्याच्या कामाचा इतका थेट वृत्तांत हाती आला असताना, त्या चिऱ्यांतून वाहणाऱ्या अदृश्य लहरींवर पुस्तके निघत राहतात, याला काय म्हणावे?

पिरॅमिडच्या पायथ्याशी रोगी बरे होत, हे मात्र अगदी खरे आहे. १९९० मध्ये गिझाच्या पठारावर पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांची दफनभूमी सापडली. तेथील सांगाड्यांचे मणके ओझ्याने झिजलेले आहेत. आणि त्यांतील काहींची हातापायांची हाडे मोडून पुन्हा नीट जुळलेली आहेत. म्हणजे कोणीतरी ती हाडे ओढून सरळ केली, बांधली, आणि हाड सांधेपर्यंत त्या मजुराला खाऊ घातले. गिझाच्या उपचारपरंपरेचा हा अस्सल पुरावा आहे. तो हाडांत कोरलेला आहे आणि त्याला ऊर्जेची परिभाषा लागत नाही.

त्या हाडवैद्यांच्या विद्येचे लेखनही काही अंशी उरले आहे. १८६२ मध्ये लक्सर येथे एडविन स्मिथ या अमेरिकनाने एक पपायरस विकत घेतला. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी तो १९३० मध्ये भाषांतरासह प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराच्या या प्रतीत ४८ जखमांची प्रकरणे आहेत. डोक्यापासून आरंभ करून ती क्रमाने खाली उतरतात आणि पाठीच्या कण्याशी, वाक्य अर्धवट सोडून, थांबतात. प्रत्येक प्रकरणात आधी तपासणी, मग निदान, मग निर्णय. जुने झालेले शब्द ठिकठिकाणी टीपा देऊन समजावलेले आहेत. म्हणजे हा वैद्य वाचकही होता आणि आपल्याहून जुन्या ग्रंथाशी प्रामाणिक राहण्याची त्याला चाड होती. निर्णय तीन प्रकारचे आहेत. काही जखमा आपण बऱ्या करू असे वैद्य म्हणतो, काहींशी झुंज देऊन पाहू म्हणतो, आणि काहींवर आपल्यापाशी इलाज नाही असे स्पष्ट सांगतो. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाच्या बाबतीत त्याने हाच तिसरा निर्णय दिला आहे.

या तिसऱ्या निर्णयात एका संपूर्ण परंपरेची नीती सामावलेली आहे. इलाज नाही, असे ज्याला म्हणता येते, त्याच्याच 'इलाज आहे' या शब्दाला मोल असते. आज इजिप्तच्या नावाने चालणाऱ्या उपचारपद्धतींच्या माहितीपत्रांत हा तिसरा निर्णय शोधूनही सापडत नाही. तेथे प्रत्येक व्याधी ऊर्जेच्या अडथळ्यातून उद्भवते आणि प्रत्येक अडथळा पुढच्या पायरीच्या दीक्षेने दूर होतो. गुण आला तर तो देवीचा प्रसाद, न आला तर रुग्णाचा अंतःप्रतिरोध! हरण्याची शक्यताच जिच्यात ठेवलेली नाही, अशी विद्या आजाऱ्यापाशी बसून त्याचा वेळ खाते, आणि कित्येक आजारांत वेळ हेच औषधाइतके मोलाचे असते.

यावर एक सबळ उत्तर संभवते आणि ते टाळून चालणार नाही. प्राचीन इजिप्शियन लोक स्वतःच मंत्रतंत्र करीत नव्हते काय? निःसंशय करीत. 'हेका' म्हणजे मंत्रशक्ती ही त्यांच्या लेखी सृष्टीच्या मुळाशी असलेली शक्ती होती. एबर्स पपायरसमध्ये मध आणि पाल्यामुळ्यांच्या शेजारीच मंत्र आहेत, प्राण्यांच्या विष्ठेचे लेपही आहेत. एडविन स्मिथ पपायरसच्या मागल्या बाजूस रोगराई आणणाऱ्या वाऱ्याविरुद्धचे मंत्र लिहिलेले आहेत. तेव्हा इजिप्तचे वैद्यक शुद्ध बुद्धिवादी होते आणि त्याला गूढवाद्यांनी विटाळले, असे कोणी म्हणेल तर तेही न वाचण्याचेच फळ ठरेल.

पण त्या मंत्रांचे स्वरूप पाहावे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 'मेटर्निख शिला' या नावाने ओळखला जाणारा, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला दगड आहे. अशा दगडांवरून पाणी ओतायचे आणि ते मंत्रभारित पाणी विंचू चावलेल्याला पाजायचे, अशी रीत होती. या शिलेवर एक कथा कोरलेली आहे. सात विंचवांना सोबत घेऊन इसिस रानोमाळ हिंडत असते. एक श्रीमंत बाई तिला पाहून दार लावून घेते. दलदलीतली एक गरीब मुलगी आपले दार उघडते. संतापलेले विंचू आपले सारे विष एकात एकवटतात आणि तो श्रीमंत बाईच्या मुलाला डसतो. ती माता आक्रंदत गावभर फिरते. आता तिलाही कोणी दार उघडत नाही. तेव्हा इसिसला त्या निरपराध लेकराची कणव येते. ती एकेका विंचवाला नावाने हाक मारून विष उतरवते, आणि आपली चूक उमगलेली श्रीमंत बाई गरिबाचे घर आपल्या संपत्तीने भरते. विष, दारिद्र्य, अपमान आणि करुणा यांची अशी गाठ घालणारी ही रचना श्रेष्ठ साहित्य आहे. विंचवाच्या विषावर तिचा उपयोग नव्हता. पण मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला तिने काय दिले असेल, हे वाचकाला कळते.

'इसिसचे उपचार' शिकवणाऱ्या आधुनिक पुस्तिकांतून नेमकी ही कथा गळते. दार लावणारी बाई नको, गरीब मुलगी नको, विंचवांची नावे नकोत. उरते ती निळसर प्रकाशात न्हालेली एक निनावी 'दैवी स्त्रीशक्ती'. सेखमेतची गतही तीच. १९८० च्या दशकात जपानी रेकीला इजिप्तचा साज चढवून 'सेइकिम', 'सेखेम' अशा स्पर्शोपचारपद्धती निघाल्या. महापिरॅमिडमध्ये काढलेल्या एका रात्रीत हे ज्ञान लाभले, अशी त्यांची उत्पत्तिकथा सांगितली जाते. 'सेखेम' हा शब्द इजिप्शियन आहे. त्याचा अर्थ सामर्थ्य, सत्ता. सिंहमुखी सेखमेत ही त्या सामर्थ्याची देवता. पण रोगराई धाडणारी तीच आणि ती आवरणारीही तीच. तिच्या पुजाऱ्यांना वैद्यकाचे ज्ञान असे, कारण जिच्या कोपाने माणसे मरतात तिच्याशी त्यांची रोजची गाठ होती. मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेणाऱ्या समाजाला हे द्वंद्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कोपाशिवायची सेखमेत म्हणजे तिच्या नावाचा केवळ सांगाडा होय.

सर्वच नव्या उपासकांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत १९८८ पासून चालत आलेल्या 'केमेटिक' उपासकांच्या एका पंथाने प्राचीन विधी मूळ साधनांच्या आधारे उभे करण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्या संस्थापिकेने इजिप्तविद्येचे रीतसर शिक्षण घेतले. आफ्रिकन-अमेरिकन समाजातील काही पंथांनी इजिप्तकडे धाव घेतली, तिच्यामागे गुलामगिरीने पुसून टाकलेली पूर्वजांची नावे परत मिळवण्याची व्याकुळता आहे. वंशावळच हिरावून घेतलेल्या माणसाने राजघराण्यात पूर्वज शोधले, तर त्याची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण कसोटी त्यांनाही तीच लावावी लागते : मजकूर काय म्हणतो, हे विचारण्याची तयारी आहे की नाही? ज्यांची आहे, त्यांची उपासना हा त्यांचा प्रश्न. ज्यांची नाही, त्यांनी पूर्वजांच्या नावावर आपलेच बोलणे चालवले आहे.

भारतीय वाचकाला या प्रश्नाकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहता येणार नाही. इसिसचा पडदा बाजूला सारण्यास निघालेल्या ब्लाव्हाट्स्की आणि त्यांचे सहकारी हेन्री ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईला उतरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून त्यांचे 'थिऑसॉफिस्ट' मासिक मुंबईहून निघू लागले, आणि १८८२ च्या अखेरीस त्यांचे ठाणे अड्यारला गेले. थिऑसॉफीने या देशात शिक्षण आणि ग्रंथसंग्रह यांबाबत काही चांगले काम केले, हे खरेच. पण मुक्काम हलला तसे रहस्याचे माहेरघरही हलले. काल ज्या गूढ ज्ञानाचे अधिपती नाईलकाठचे सिद्ध होते, त्याचे अधिपती आज हिमालयापलीकडचे महात्मे झाले. साचा तोच, त्यात ओतायचा देश तेवढा बदलला. जिवंत माणसांचा, भांडणाऱ्या दर्शनांचा, हिशेब लिहिणाऱ्या व्यापाऱ्यांचा देश 'अध्यात्म' या एका शब्दात कोंबला गेला म्हणजे काय होते, हे भारताने अनुभवलेले आहे. असा अनुभव गाठीशी असलेल्या समाजाने इजिप्तला त्याच शब्दात कोंबलेले पाहावे आणि वर त्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती छताला लावावी, ही विसंगती लाजिरवाणी आहे.

आणि नाईलकाठी माणसे आजही राहतात, ही गोष्ट या साऱ्या गूढवादात कोठेच नसते. १८५१ मध्ये थिओडोर बिल्हार्झ याने कैरोत लघवीतून रक्त पाडणाऱ्या रोगाचा कृमी शोधला. १९१० मध्ये मार्क आर्मांद रफर याने त्याच कृमीची अंडी विसाव्या राजवंशातील ममींच्या मूत्रपिंडांत दाखवली. फेरोंच्या प्रजेला छळणारा रोग फलाहांना, म्हणजे शेतात राबणाऱ्या कुळांना, विसाव्या शतकातही छळत होता. त्यावर इजिप्तने १९५० च्या दशकापासून इंजेक्शनांची प्रचंड मोहीम चालवली. सुया नीट निर्जंतुक न झाल्याने तिच्यातून यकृताला पोखरणारा हेपटायटिस सी देशभर पसरला. आधुनिक वैद्यकाच्या हातून घडलेला हा भयंकर प्रमाद होता. तो संशोधकांनी आकडे मांडून उघड केला. २०१८ साली सुरू झालेल्या मोहिमेत इजिप्तने सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली, बाधितांना औषध दिले, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाच्या निर्मूलनाच्या वाटेवरील सुवर्णश्रेणी त्या देशाला बहाल केली.

इजिप्तच्या उपचारपरंपरेचा वारसदार कोण, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. चूक झाल्यावर ती नोंदवणारा, रोग्याला तपासल्याशिवाय निदान न सांगणारा, आणि प्रसंगी इलाज नाही असे म्हणू शकणारा कैरोतील किंवा एखाद्या खेड्यातील साधा डॉक्टर त्या ४८ प्रकरणांच्या अज्ञात लेखकाला ओळखीचा वाटला असता. तांब्याचा पिरॅमिड विकणारा वाटला नसता. तो अर्धवट तुटलेला पपायरस आज भाषांतरात वाचता येतो. इजिप्तच्या नावाने दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्याने दक्षिणा देण्यापूर्वी तो एकदा वाचावा, आणि तिसऱ्या निर्णयापाशी थोडे थांबावे.